हांक कोठून आली ?

घरांतील फोन वाजला म्हणजे आपला पहिला प्रश्न “कोण बोलतें ?” हा असतो आणि दुसरा “कोठून बोलतां ?” हा असतो. पहिल्याचें उत्तर बहुधा आवाजावरूनच कळतें. दुसऱ्याचें मात्र विचारल्याखेरीज कळत नाहीं. घरगुती बोलण्यांत हें उत्तर मिळालें नाहीं तरी फारसें कांहीं अडत नाहीं. परंतु ज्या पेढीस दहा गांवांहून गिऱ्हाइकांचे फोन येतात, किंवा ज्या कचेरींत रात्रीं-अपरात्रीं अपघाताची वर्दी येते, तेथील सारा व्यवहार या एका उत्तरावर अवलंबून असतो. साताऱ्याची हांक सांगलीस गेली तर काम खोळंबतें. क्वचित् प्रसंगीं प्राणावरही बेततें. म्हणून फोन करणाऱ्याचें ठिकाण यंत्रास कसें समजतें, तें कितपत खरें असतें, आणि या बाबतींत आपलें स्वतःचें कर्तव्य काय, याचा या लेखांत थोडा विचार करावयाचा आहे.

१. पत्त्याचे सहा अंक

पत्र योग्य गांवीं पोंचविणें आणि फोन योग्य माणसापाशीं पोंचविणें हीं दोन्ही कामें एकाच जातीचीं आहेत. म्हणून आधीं टपालाकडे पाहूं.

आपल्या देशांत एकाच नांवाचीं अनेक गांवें आहेत. शिवाय पत्ता लिहिणारा कोणत्या भाषेंत व लिपींत लिहील याचा नेम नाहीं. ही अडचण दूर करण्याकरितां १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिन कोडची पद्धति सुरू झाली. ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे महाराष्ट्रीय गृहस्थ सरकारी दळणवळण खात्यांत मोठे अधिकारी होते, आणि संस्कृत कवि म्हणूनही त्यांची ख्याति होती. त्यांच्या योजनेंत सहा अंक आहेत. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष टपालकचेरी. साताऱ्याचा पिन ४१५००१ व सांगलीचा ४१६४१६. पहिले दोन अंक सारखेच. तिसऱ्या अंकापाशीं दोन्ही वाटा फुटतात. अक्षर न वाचतां येणाऱ्या यंत्रासही हे अंक पाहून पत्राची वाट ठरवितां येते.

आतां येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत घ्या. विटा व शिराळा हीं दोन्ही गांवें सांगली जिल्ह्यांतलीं. परंतु त्यांचे पिन अनुक्रमें ४१५३११ व ४१५४०८ आहेत. म्हणजे पहिले तीन अंक साताऱ्याचे ! सरकारी जिल्ह्याची सीमा निराळी आणि टपालाची सीमा निराळी. जिल्ह्याची सीमा तरी कोठें अढळ आहे ? आजचा सांगली जिल्हा १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ या नांवानें अस्तित्वांत आला व १९६० सालीं त्यास ‘सांगली’ हें नांव मिळालें. तात्पर्य, अंकावरून ठिकाण ओळखतांना हा अंक कोणी व कशाच्या सोईसाठीं दिला, हें आधीं विचारावें लागतें.

२. तारेचा फोन

आरंभीं फोन जोडण्याचें काम यंत्र करीत नसे, माणूस करीत असे. २८ जानेवारी १८८२ रोजीं कोलकाता, मुंबई व चेन्नई या शहरीं आपल्या देशांतील पहिलीं एक्स्चेंजें सुरू झालीं. कोणाशीं बोलावयाचें हें तेथील माणसास सांगावें आणि त्यानें तारेस तार जोडून द्यावी, असा तो प्रकार होता.

यांतून अमेरिकेंत एक चमत्कारिक तक्रार उद्भवली. कॅन्सस सिटी शहरीं आल्मन स्ट्रोजर नांवाचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा करीत असे. अशी हकीकत सांगतात कीं, आपल्याला येणारे फोन एक्स्चेंजमधील बाई जाणूनबुजून दुसऱ्या त्याच धंद्याच्या माणसाकडे वळवितात, असा त्यास संशय आला. त्यानें भांडण करण्यापेक्षां मधल्या माणसाची गरजच नाहींशी करण्याचें मनावर घेतलें. १८९१ सालीं त्यास आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळालें, आणि १८९२ सालीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट येथें तसें एक्स्चेंज चालूं झालें. फोन कोणाकडे वळवावयाचा हा प्रश्न असा प्रथमपासूनच न्यायाचा व विश्वासाचाही प्रश्न आहे.

पुढें गांवोगांवचीं एक्स्चेंजें एकमेकांस जोडलीं गेलीं. १९६० सालीं लखनौ व कानपूर या दोन शहरांमध्यें मधल्या माणसावांचून परगांवीं फोन लावण्याची सोय आपल्या देशांत प्रथम झाली. हिलाच आपण एस्. टी. डी. म्हणतों. तिच्याकरितां प्रत्येक भागास एक अंक मिळाला. साताऱ्याचा ०२१६२, कराडचा ०२१६४, विट्याचा ०२३४७, सांगली-मिरजेचा ०२३३, पुण्याचा ०२०. आरंभींचें शून्य म्हणजे “मला गांवाबाहेर जावयाचें आहे” अशी एक्स्चेंजला दिलेली सूचना होय. तें सोडून उरलेले अंक मोजा व त्यांत त्या गांवच्या फोनचे अंक मिळवा. साताऱ्याचे चार व सहा, सांगलीचे तीन व सात, पुण्याचे दोन व आठ. बेरीज सर्वत्र दहाच. जेथें फोन पुष्कळ तेथें गांवाचा अंक आंखूड ठेवावा, म्हणजे घरांच्या फोनांसाठीं अधिक अंक उरतात, असें हें साधें व सुंदर गणित आहे.

हा फोन भिंतीस तारेनें बांधलेला असे. ०२१६२ या अंकावरून हांक आली म्हणजे ती सातारा भागांतूनच आली, याविषयीं शंका घेण्याचें कारण नसे. तार हाच पत्ता होता.

३. तार तुटली, पत्ता सुटला

मोबाइल आला आणि ही खात्री गेली. मोबाइलच्या क्रमांकाचे पहिले अंक मुळांत कंपनी व परिमंडळ यांवरून ठरले. मुंबईचें परिमंडळ वेगळें आणि उरलेल्या महाराष्ट्राचें गोव्यासह वेगळें. म्हणजे सातारा कोणतें व सांगली कोणती हें मोबाइलच्या क्रमांकावरून ओळखण्याची सोय पहिल्यापासूनच नव्हती. पुढें २० जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली, आणि ३ जुलै २०१५ पासून परिमंडळ बदललें तरीही तोच क्रमांक ठेवतां येऊं लागला. समजा, कोरेगांवची एक मुलगी नोकरीसाठीं मुंबईस गेली, तेथें तिनें फोन घेतला, आणि कांहीं वर्षांनीं ती परत गांवीं आली. तिचा क्रमांक मुंबईचा, ती स्वतः कोरेगांवांत. क्रमांक आतां माणसाबरोबर हिंडतो. तो घराची पाटी राहिला नाहीं.

मग मोबाइल कोठें आहे हें कोणासच ठाऊक नसतें कीं काय ? तसें नाहीं. चालूं असलेला मोबाइल आसपासच्या एखाद्या टॉवरशीं नेहमीं संबंध ठेवून असतो. तो संबंध नसेल तर त्यास येणारा फोन कोठें पोंचवावा हें कंपनीस कळणारच नाहीं. म्हणून अंदाजें ठिकाण कंपनीस माहीत असतें. परंतु फोन घेणाऱ्या दुकानदारास तें दिसत नाहीं. त्यास दिसतो तो केवळ क्रमांक.

४. पेढीचा एकच क्रमांक

आतां व्यापाऱ्याची सोय पाहूं. समजा, सांगलीच्या पेठेंत हळदीची एक मोठी पेढी आहे; तिची एक शाखा साताऱ्यास व एक पुण्यास आहे. गिऱ्हाइकानें तीन क्रमांक पाठ करावे हें बरें नव्हे. म्हणून पेढीनें सर्वांसाठीं एकच क्रमांक जाहीर केला. फोन मात्र जवळच्या शाखेंत वाजला पाहिजे. हें कसें साधावें ?

एक मार्ग १८०० या अंकांनीं सुरू होणाऱ्या क्रमांकाचा. या क्रमांकावरील फोनाचा खर्च करणाऱ्यावर न पडतां पेढीवर पडतो, हें पुष्कळांस माहीत असेल. या क्रमांकाचा खरा विशेष असा कीं, त्याच्या मागें कोणतीही ठराविक तार नसते. तो लावला कीं कंपनीचें यंत्र एका तक्त्यांत पाहतें : “या क्रमांकाचा खरा फोन कोणता ?” त्या तक्त्यांत पेढीनें लिहून ठेवलेलें असतें कीं, ०२१६२ कडून आलेली हांक साताऱ्यास द्यावी, ०२३३ कडून आलेली सांगलीस, आणि रात्रीं आठनंतर सर्व हांका अमक्या ठिकाणीं.

दुसरा मार्ग इंटरनेटच्या फोनाचा. यांत आवाजाचे बारीक तुकडे करतात; साधारणतः एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकड्यावर पाकिटावर लिहावा तसा पत्ता असतो, व ते तुकडे इंटरनेटवरून जाऊन दुसऱ्या टोकास पुन्हां क्रमानें जोडले जातात. हांक मारणें, घंटी वाजविणें व फोन ठेवणें यांचे नियम १९९९ सालीं ठरले व २००२ सालीं सुधारले गेले. आपल्या देशांत इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित स्वरूपांत १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. २०१८ सालीं ती आणखी सैल झाली. अशा व्यवस्थेंत पेढीचें एक्स्चेंज म्हणजे संगणकावर चालणारी एक नियमावलीच असते. साताऱ्याचा कारकून, पुण्याचा व्यवस्थापक व सांगलीचे मालक हे सर्व एकाच एक्स्चेंजचे जणूं शेजारी होतात.

हा संगणक हांक येतांच पुढील खुणा तपासूं शकतो. हांक तारेच्या फोनावरून असेल तर गांवाचा अंक. गिऱ्हाईक जुनें असेल तर वहींत नोंदलेला त्याचा पत्ता. हांक पेढीच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून आली असेल तर इंटरनेटचा पत्ता. आणि माणसानें परवानगी दिली असेल तर त्याच्या फोनानें उपग्रहांवरून काढलेलें स्थान. यांपैकीं कांहींच हातीं लागलें नाहीं तर उरतो सर्वांत जुना उपाय : विचारणें. “साताऱ्यासाठीं एक दाबा, सांगलीसाठीं दोन दाबा” हा आवाज तुम्ही ऐकला असेल. कित्येकांस त्याचा कंटाळा येतो. परंतु खरें पाहतां सर्व खुणांमध्यें हीच खूण बहुधा अधिक प्रामाणिक असते.

५. अंदाज आणि ज्ञान

कारण बाकीच्या खुणा या अंदाज आहेत. इंटरनेटचा पत्ता घराचा पत्ता नव्हे. आशिया व पॅसिफिक भागांतील हे पत्ते एक संस्था वांटून देते, त्यांतून कंपन्यांस मिळतात, व कंपनी ते आपल्या सोईनें वापरते. साताऱ्यांत बसून मोबाइलवर इंटरनेट वापरणारा मनुष्य बाहेरच्या जगास पुण्याचा किंवा मुंबईचा भासणें अगदीं शक्य आहे. कारण एकाच मोठ्या केंद्रांतून हजारों लोकांचा व्यवहार बाहेर पडतो.

शिवाय ठिकाण बरोबर ओळखलें म्हणून मनुष्य ओळखला असेंही होत नाहीं. जत तालुक्यांतून आलेली हांक सांगली जिल्ह्याची म्हणून मराठी बोलणाऱ्याकडे वळविली, पण बोलणाऱ्या आजीबाई कानडी असल्या तर ? सीमेवरच्या मुलखांत ठिकाण एक सांगतें आणि जीभ दुसरें सांगते.

पेढीच्या बाबतींत चूक झाली तर गिऱ्हाईक फार तर रागावेल. परंतु हीच चूक संकटकाळीं झाली तर काय होतें, हें कॅनडा देशांतील एका दुःखद घटनेवरून जगास कळलें. एप्रिल २००८ मध्यें कॅलगरी शहरांत अठरा महिन्यांच्या एका बालकाची प्रकृति एकाएकीं बिघडली. घरच्यांनीं इंटरनेटच्या फोनावरून मदत मागितली. हें कुटुंब पूर्वीं ऑन्टारिओ प्रांतांत राहत असे, आणि फोनाच्या नोंदींत तेथलाच जुना पत्ता राहिला होता. रुग्णवाहिका त्या पत्त्याकडे धाडली गेली. म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहूनही दूर! दुसऱ्या फोनावरून पुन्हां हांक गेली तेव्हां मदत दारीं आली. परंतु तें मूल वांचलें नाहीं. गाडी पहिल्यानेंच आली असती तर तें वांचलें असतें कीं नाहीं, हें सांगतां येणार नाहीं. परंतु आईबापांनीं हांक मारली आणि ती हांक भलत्याच दारावर जाऊन थडकली, एवढें खरें. यंत्रानें आपलें काम चोख केलें होतें. त्याच्यापाशीं असलेली माहिती शिळी होती.

६. आपल्याकडील संकटाच्या हांका

महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा जानेवारी २०१४ मध्यें ९३७ गाड्यांसह सुरू झाली व तिचें नियंत्रण पुण्यांतून होऊं लागलें. ११२ या क्रमांकावर पोलिसांची व इतर तांतडीची मदत मिळते. हे फोन नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत घेतले जाऊन तेथून जिल्ह्याकडे धाडले जातात. याचा अर्थ नीट समजून घ्या. तुम्ही पाटणच्या एखाद्या वाडीवरून किंवा आटपाडीच्या माळावरून मदत मागितली, तर प्रथम ऐकणारा मनुष्य शंभर कोसांवरही बसलेला असूं शकेल. त्यानें तुमची वाडी कधीं पाहिलेली नसते. ‘मारुतीच्या देवळापाशीं या’ एवढ्यानें त्यास बोध होणार नाहीं.

त्याच्या साहाय्यास यंत्र आहे. २०१६ सालच्या नियमानें १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलांत संकटसूचक कळ, आणि १ जानेवारी २०१८ पासून उपग्रहांवरून स्थान ओळखण्याची सोय असावी असें ठरलें. साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरणें, व स्मार्टफोनाचें पॉवरचें बटण लागोपाठ तीन वेळां दाबणें, ही त्या सूचनेची रीत होय. तरी पण उपग्रहांचा संदेश घरांत व खोल दऱ्यांत मंद होतो. आणि टॉवर एका डोंगरावर, अपघात दुसऱ्या डोंगराखालीं, असेंही आपल्या घाटांत घडतें.

२८ जुलै २०१८ रोजीं महाबळेश्वर व पोलादपूर यांमधील आंबेनळी घाटांत एक बस खोल दरींत कोसळली. तींतला एकच मनुष्य वांचला. तो दरींतून वर चढून आला व त्यानें फोनावरून ही वार्ता कळविली. हा घाट सातारा व रायगड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचा; मदतीस दोन्ही बाजूंचे लोक धांवले, दोर लावून दरींत उतरले. बस कोठें आहे हें त्या दिवशीं एका जखमी माणसाच्या तोंडून जगास कळलें. हांक कोणत्या जिल्ह्याची याचा वाद मदत करणाऱ्यांनीं घातला नाहीं.

७. मुलांनीं व पालकांनीं काय करावें ?

पहिली गोष्ट, आपलें ठिकाण सांगण्यास शिकावें. जिल्हा, तालुका, गांव, वाडी किंवा पेठ, आणि शेवटीं ठळक खूण, असा क्रम ठेवावा. मोठ्याकडून लहानाकडे, अगदीं पिन कोडच्या अंकांप्रमाणें. नुसतें ‘वडगांव’ म्हणूं नये. कराड तालुक्यांत वडगांव हवेली आहे, खटाव तालुक्यांत वडगांव जयराम स्वामी आहे, आणि कोल्हापूरकडे पेठ वडगांव आहे. हमरस्त्यावर असलां तर किलोमीटरचा दगड वाचावा, आणि रस्त्याची साताऱ्याकडे जाणारी बाजू कीं पुण्याकडे जाणारी, हें सांगावें. दगड न दिसल्यास जवळच्या दुकानाच्या पाटीवरचें गांव वाचावें. विचारणारा पुरें म्हणेपर्यंत फोन ठेवूं नये.

दुसरी गोष्ट पालकांसाठीं. बँक, गॅस, वीज, शाळा व फोनाची कंपनी यांच्या वहींत आपला पत्ता जुना राहिला असेल तर तो बदलून घ्यावा. घर बदलतांना सामान नेण्याची जशी आपण आठवण ठेवतों, तशीच पत्ता नेण्याचीही ठेवावी.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. ज्या अर्थीं क्रमांकावरून ठिकाण सिद्ध होत नाहीं, त्या अर्थीं फोनावर दिसणारा भारतीय क्रमांक भारतांतलाच असेल असेंही नाहीं. परदेशांत बसून इंटरनेटच्या साहाय्यानें खोटा क्रमांक दाखविणारे लुच्चे लोक आहेत. असे फोन अडविण्याची यंत्रणा सरकारनें ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू केली. तरीही आपण डोळे मिटून चालूं नये. “मी अमक्या चौकींतून बोलतों, पैसे भरा” असें कोणी धमकावूं लागल्यास फोन ठेवावा, त्या कचेरीचा क्रमांक आपण स्वतः शोधून तेथें विचारावें, व पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विलंब न करतां कळवावें.

यंत्रें दिवसेंदिवस अधिक चतुर होत जातील. परंतु त्यांस जें सांगितलें जाईल त्यावरच तीं चालणार. “मी कोठें आहें ?” या प्रश्नाचें स्पष्ट, खरें व शांतपणें दिलेलें उत्तर हें ज्यास साधलें, त्याची हांक वाट चुकण्याचें भय फार थोडें. ही विद्या शिकण्यास पैसा लागत नाहीं; आज रात्रीं जेवतांना घरच्या सर्वांत धाकट्या मुलास ती शिकवितां येईल.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) आपल्या गांवचा पिन कोड व एस्. टी. डी. अंक लिहा. दोहोंवरून एकच सीमा दिसते काय ?

(२) मोबाइलच्या क्रमांकावरून सातारा व सांगली यांतील भेद कां कळत नाहीं ?

(३) हळदीच्या पेढीसाठीं तुम्हीं नियमावली केली तर कोणती खूण प्रथम तपासाल व कोणती शेवटीं ? कारणें द्या.

(४) आपल्या घरीं येण्याची वाट परक्या माणसास फोनावर कशी सांगाल, हें पांच वाक्यांत लिहून आईवडिलांस वाचून दाखवा.